जीनगराच्या मशीनवरचा मोर

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात कुठल्याही वस्तूच्या वरच्या रंगावर विश्वास ठेवला नाही. माणूस भेटला की आपण त्याचं नाव-गाव विचारतो; साडू भिंत भेटली तरी तिचं मूळ विचारत, आणि तेही नखाने. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी खास त्यासाठी वाढवलेलं होतं. ते घेऊन ते निजामाच्या मुलखात जिथे जिथे गेले तिथे तिथे दाराच्या कोपऱ्यात, पलंगाच्या खुराला, कंदिलाच्या बुडाला गव्हाएवढी एक खरवडलेली जागा मागे राहिली. जालना स्टेशनाजवळच्या करोडगिरी नाक्यावर ते कारकून होते. करोडगिरी म्हणजे जकात. येणारा-जाणारा माल सोडायचा, उसवायचा, आत काय आहे ते पाहायचं आणि उर्दूत लिहून ठेवायचं. माणसाच्या स्वभावाला इतकी बेतून शिवलेली नोकरी सरकारने दुसऱ्या कोणाला दिली असेल असं मला वाटत नाही. दफ्तरात कागद दोनच जातींचे, असल आणि नक्कल. साडूंनी ती वाटणी सगळ्या सृष्टीला लावून टाकली होती. "वरचं काय बघता मास्तर?" ते मला म्हणत, "वरचं तर आंधळ्यालाबी दिसतं." मी तेव्हा परतूरला शाळामास्तर होतो, आणि मला वरचंच दिसत असे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सासुरवाडी आम्हा दोघांची एकच, वाटूरची, आणि माझ्या लग्नाच्या आधीच त्यांनी तिथे आपली कीर्ती करून ठेवलेली होती. त्यांच्या पहिल्या दिवाळसणाला सासरेबुवांनी जावयाला तेल लावायला म्हणून न्हावी बोलावला, पाट मांडला, तर जावईबापू पाटावर नाहीत. ते माजघराच्या चौकटीपाशी पंचा नेसून उकिडवे बसले होते. चौकटीच्या हिरव्याखाली निळा निघाला, निळ्याखाली गेरू, आणि गेरूखाली कोरलेली कमळं, कमळांच्या मधोमध सोंडेसकट गणपती. साडू तसेच उभे राहिले आणि चार घरं ऐकतील अशा आवाजात म्हणाले, "मामा, ही चौकट घराची न्हाई, देवळाची हाये. कुठून आणल्ती?" सासरेबुवांच्या वडलांनी ती कुठून आणली होती हे गावातल्या दोन म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना ते ठाऊक आहे हे सासरेबुवांना ठाऊक होतं. त्या दिवसापासून चौकटीला रोज फूल वाहावं लागे, आणि तिला पाठ टेकून पान खात बसायची सासरेबुवांची वीस वर्षांची सवय मोडली. त्या वर्षी सासूबाईंनी जावयाच्या हातात वाटेचा नारळ जरा लवकरच ठेवला.

आता असल्या माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे थोरल्या मेव्हणीच्या सोसण्याची कमाल म्हणायची. एकदा तिने पितळ-तांब्याची सगळी भांडी कल्हई करून घेतली. कल्हईवाला गल्लीच्या टोकाला पोचला नसेल तोवर साडूंनी मोठ्या पातेल्याची कल्हई आतून घासून काढायला घेतली. त्यात ठेवलेल्या ताकाने घरातली चार आणि पाहुणे आलेले आम्ही दोघं, अशी सहा माणसं दोन दिवस आडवी झाली. साडूही आडवेच होते. पण मान वळवून माझ्याकडे बघत ते क्षीण आवाजात म्हणाले, "तांबं कसलं सुरेख हाये पण!" कचेरीची शेरवानी विटली तेव्हा नवी न शिवता त्यांनी ती शिंप्याकडून उलटून घेतली, म्हणजे आतली न विटलेली बाजू बाहेर आणली. रंग खरंच नवाकोरा दिसला. मात्र खिसे आत गेले, त्यामुळे सुपारी काढायची झाली की साडू गळ्यातून कोपरापर्यंत हात घालत आणि नाक्यावरचे गाडीवान काम सोडून बघत राहत. आणि त्यांच्या मूळ गावी, धावड्याला, एका पोळ्याच्या संध्याकाळी त्यांनी मिरवणुकीतून परत आलेल्या बैलाची रंगवलेली शिंगं ओल्या फडक्याने पुसायला घेतली. बैलाने त्यांना उचलून उकिरड्यात टाकलं. घरचे धावत गेले, तर उकिरड्यातून नुसतं डोकं वर काढून हे सांगतायत, "काळी न्हाईत बरं का. मधाच्या रंगाची हायेत."

हे सगळं मी हसत सांगतो, आणि तेव्हाही हसतच असे. साडू-साडूंमध्ये थोडी चढाओढ असतेच. सासुरवाडीत त्यांची फजिती झाली की माझा भाव वाढे, हेही कबूल करतो. पण अधूनमधून असं काही होई की माझं हसू जागच्या जागी थांबे. तीर्थपुरीच्या बाजारात एका तंबाखूवाल्याचा चुन्याचा डबा होता, काळाकुट्ट, तव्याच्या बुडासारखा. साडूंनी तो महिनाभरासाठी मागून आणला. रोज सकाळी कचेरीच्या आधी अर्धा घंटा ते त्याला नुसतं तळहाताने चोळत. दुसरं काही नाही, तळहात आणि तिळाएवढं तेल. पंधराव्या दिवशी काळ्यातून एक पांढरी रेघ उगवली. महिनाअखेर डब्यावर चांदीचा वेल फुललेला होता, पानागणिक शिरा दिसत होत्या. अस्सल बिदरी काम. साडूंनी डबा कापडात गुंडाळून तीर्थपुरीला नेऊन दिला. तंबाखूवाला म्हणाला, "हा माझा न्हाई, माझा काळा व्हता," आणि घेईना. त्याची समजूत घालता घालता साडूंची परतीची मोटार चुकली. ते बारा कोस बैलगाडीने आले, आणि त्या दिवशी मी त्यांच्या अंगठ्याच्या नखाकडे पहिल्यांदा आदराने पाहिलं.

तर अशा माणसाच्या कानावर एक दिवस मोराची गोष्ट आली. स्टेशनावर टांगा लावणारा एक जण होता, जातीने जीनगर. घोड्यांची जीनं, खोगिरं शिवणं हा त्यांचा पिढीजात धंदा. जालन्याला फौजेची छावणी होती तेव्हा त्याचा बाप रिसाल्याची खोगिरं शिवायचा. पुढे छावणी मोडली, घोडे गेले, आणि जाताना तिथल्या गोऱ्या साहेबाने चामडं शिवायचं एक परदेशी मशीन त्या जीनगराला देऊन टाकलं. बाप जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, मशीन जालन्यातच, कादराबादेतल्या त्यांच्या घरी ओसरीत पडून होतं. नाक्यावर चहा पिताना टांगेवाला आईची थट्टा करत होता. म्हातारी म्हणते, मशीनवर मोर रंगवलेला आहे.

"कोणीकडं हाये म्हणती?" साडूंनी विचारलं.

"मानंवर. पर मोरबिर काय न्हाई साहेब. म्या जल्मापासून बघून राह्यलो, निस्तं काळं हाये. म्हातारीच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, तिला उंबऱ्यावरबी मोर दिसंल."

साडू खुर्चीतून उठले आणि त्याच टांग्यातून कादराबादेला गेले. नाक्यावर कापडाच्या दोन गाठी तशाच अर्धवट उसवलेल्या राहिल्या.

म्हातारी पन्नाशी उलटलेली, अंगाने काडी, पण जीभ तिखट. घरात सून होती, तिलाही मोराची गोष्ट तोंडपाठ होती आणि ती पदरात हसायची. म्हातारीने साडूंना बसायला घोंगडी टाकली आणि म्हणाली, "दादा, म्या नवी नवरी हुन आले त्याच साली ही मिशीन घरात आली. मोर व्हता. निळा. ह्या डोळ्यानं बघितला. पर लोकं न्हाई न्हाई म्हणून म्हणून आता मलाबी वाटून राह्यलं का नव्हताच का काय. डोळे हायेत तंवर येकदा दाखवा. न्हाईतर मरताना मीबी म्हणंल, नव्हताच बाई." साडूंनी नख पुढे केलं, पण लावलं नाही. एवढ्या वर्षांत मी ऐकलेला हा एकमेव प्रसंग, जिथे त्यांनी आधी परवानगी मागितली.

मशीन घराबाहेर न्यायचं नाही ही म्हातारीची अट. तेव्हा साडू रोज उजाडल्यावर कादराबादेत ओसरीवर हजर, आणि तिथून परस्पर कचेरीत. चामड्याच्या मशीनला हात लावून येतात म्हणून घरी मेव्हणी अंघोळीशिवाय त्यांना चुलीपाशी फिरकू देत नसे, त्यामुळे त्या दोन महिन्यांत ते आयुष्यात कधी नव्हते इतके स्वच्छ राहिले. घरातली राखुंडी मशीनला लागे आणि पोरं मिठाने दात घासत. दवाखान्यातल्या ओळखीच्या कंपाउंडरने स्पिरिटची बाटली देऊ केली, एका हातात सगळं साफ होईल म्हणाला. साडू त्याच्यावर कडाडले, "स्पिरिटनं खालची लाखबी विरघळती. मंग मोर कुठं बसंल, हवेत?" त्यांची आयुधं म्हणजे बांबूची पातळ कामटी, घोंगडीचा तुकडा, रॉकेलचे चार थेंब आणि करडईचं तेल. रॉकेलने कवच मऊ करायचं, कामटीने उचलायचं, लगेच तेल फिरवून रॉकेल मारायचं. दिवसाला रुपयाएवढी जागा. गल्लीतले लोक म्हणायचे, डोंगर पोखरून उंदीर निघणार. मी दसऱ्याच्या सुट्टीत जालन्याला गेलो तेव्हा मलाही तेच वाटलं. माझ्याकडे काम दिलं छत्री धरायचं, कारण उन्हाने तेल पातळ होऊन ओघळे.

पण पहिल्याच सकाळी मी जे पाहिलं त्याने छत्री कलंडली. काळ्या थराखाली पाच लाल टिपके होते, बोटांचे. साडूंनी कामटी थांबवली आणि हाक दिली, "मावशी, आलं." म्हातारी चाचपडत आली, मशीनवर अगदी नाक टेकवून बघू लागली. मग तिच्या बोलण्यातून मला उलगडा झाला. खंडेनवमीला कारागीर हत्यारं पुजतात, हळदी-कुंकू वाहतात, दसरा झाला की पुसून कामाला लागतात. ह्या जीनगराला, म्हणजे टांगेवाल्याच्या बापाला, ते पटायचं नाही. कुंकू लावलेलं पुसायचं नसतं, मग ते बाईचं असो की मशीनचं, असं तो म्हणे. म्हणून दर खंडेनवमीला तो पाची बोटांनी मशीनच्या मानेवर कुंकू टेकवी, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर जवसाच्या तेलात काजळी कालवून एक हात चढवी. कुंकू आत राहिलं, मशीन काळं राहिलं, काम चालू राहिलं. तीस-पस्तीस दसरे त्याने असे एकावर एक चढवले होते, आणि मोर सगळ्यांच्या खाली होता.

"पुसू का?" साडू दर वेळी विचारत. पहिल्या दिवशी म्हणे ती फटकन म्हणाली होती, "माझंच पुसलं दादा, मिशीनीचं काय घिऊन बसलात!" पण मी असताना ती तशी घाई करत नव्हती. ती आधी वर्ष ओळखायची. एका थरात चारच टिपके होते. "त्या साली अंगठा सुईखाली आल्ता. चामड्यासंगट शिवून घेतला व्हता येड्यानं." एका थरात टिपके फरपटलेले होते, ते तापाचं वर्ष, उभं राहवत नसताना त्याने पूजा केली होती. सासू दसरे मागे मागे मोजत होती आणि पदरात हसणारी सून दळण टाकून कधी येऊन उभी राहिली ते मला कळलं नाही. एका सकाळी पाच मोठ्या टिपक्यांच्या बाजूला राळ्याच्या दाण्याएवढे पाच बारके टिपके निघाले. म्हातारीने टांगेवाल्याला हाक मारली. "हे तुहे. चार महिन्याचा व्हता. बापानं मांडीवर घिऊन टेकवले." टांगेवाला हातातला चाबूक तसाच धरून वाकला. आपल्या ओबडधोबड बोटाचं टोक त्याने एका टिपक्यावर ठेवलं, टिपका सगळा झाकून गेला. "पुसू का?" साडूंनी हळूच विचारलं. त्याने मानेनेच 'हो' म्हटलं आणि बाहेर जाऊन घोड्याला उगीच दाणा घालत बसला. मी शाळेत मुलांना इतिहास शिकवायचो. राजे, लढाया, सनावळ्या. त्या ओसरीवर छत्री धरून मला त्या सनावळ्यांची लाज वाटली, हे मी मोकळेपणाने सांगतो.

खंडेनवमी उद्यावर आली होती त्या दिवशी साडू शेवटच्या थराशी पोचले. हा थर काळा नव्हता. पहिल्या वर्षी जीनगराला काजळीची युक्ती सुचलेली नव्हती, त्याने नुसतं तेल चढवलं होतं आणि ते आता पिवळट, मळकट काचेसारखं झालं होतं. आत दहा टिपके. पाच मोठे, पाच लहान. लहान म्हणजे बाळाचे नव्हेत. अकरा-बारा वर्षांच्या पोरीचे.

म्हातारी कितीतरी वेळ डोळा मशीनला लावून राहिली. मग म्हणाली, "हे माझे." आणि जरा थांबून, "सासू समोर बसल्ती. तरी त्यांनी माझा हात धरला आन् टेकवला. समद्यांच्या देखत."

साडूंनी टिपक्यांना न लागता कडेने, चाकाच्या अंगाला, कामटी चालवली. घोंगडीचा तुकडा फिरवला. पुन्हा चालवली. मग त्यांनी हात मागे घेतला आणि त्या जागी सकाळचं ऊन पडलं. निळे डोळे होते, तीन. पिसाऱ्याचे. भोवती सोन्याची बारीक कड, आणि सोनं असं की काल लावलं असावं. चाळीसएक वर्षं ते तिथे होतं, त्याच्यावर एक माणूस रोज वाकून खोगिरं शिवत होता आणि घरातल्या पोराला ते दिसलं नव्हतं. मी साडूंना हात जोडले असते, पण हातात छत्री होती.

"आत्या!" सून ओरडली. "आत्या, हाये! पिसारा हाये वो!"

"निळा हाये का?"

"निळा हाये. वर सोन्याची कड हाये."

"मंग बराबर," म्हातारी म्हणाली, आणि तिथेच बसली. सुनेने तिचा हात धरून त्या तीन डोळ्यांवरून फिरवला. "म्या उगंच हसत व्हते आत्या," ती म्हणाली. म्हातारीने हात काढून घेतला नाही.

आता राहिलं होतं ते मोराचं अंग, मान, तोंड, तुरा. ते सगळं त्या दहा टिपक्यांच्या खाली होतं. साडूंच्या कामटीला आणखी एक घंटा पुरला असता. त्यांनी रॉकेलची वाटी जवळ ओढली, तुकडा भिजवला, पिळला, आणि नेहमीसारखं विचारलं, "पुसू का?"

म्हातारीने तोंड उघडलं. 'पुसा' म्हणायला उघडलं होतं, ते आम्हाला सगळ्यांना दिसलं. शब्द आला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला आणि मान खाली घातली. मी साडूंकडे पाहिलं. ज्या माणसाने सासऱ्याच्या घराची चौकट सोडली नाही, बैलाचं शिंग सोडलं नाही, पोटात मुरडा उठला तरी तांब्याचं कौतुक सोडलं नाही, तो माणूस हातात ओला तुकडा धरून बसला होता आणि असल रंग त्याच्यापासून एका टिपक्याच्या अंतरावर होता. टांगेवाल्याचा घोडा खूर आपटत होता, कचेरीची वेळ टळून गेली होती. शेवटी साडूंनी तुकडा वाटीत टाकला.

"न्हाई मावशी," ते म्हणाले. "माझा हात चालून न्हाई राह्यला."

मग त्यांनी सुनेकडून जवसाचं तेल मागून घेतलं, बिनकाजळीचं, आणि बोटाच्या टोकाने त्या दहा टिपक्यांवर त्याचा एक हात चढवला. इतक्या अलगद, की एक टिपकाही फरपटला नाही. चाळीस वर्षांपूर्वी त्या जीनगराने जे केलं होतं तेच, त्याच जागी. दुसऱ्या दिवशी खंडेनवमीला म्हातारीने मशीनची पूजा करवून घेतली. विधवेने पुढे व्हायचं नसतं म्हणून ती बाजूला बसली होती. सुनेने तिला उठवून पुढे आणलं आणि स्वतः मागे उभी राहिली. गल्लीतल्या बायका बघत होत्या.

परतताना आम्ही टांग्याने निघालो. कुंडलिका नदीच्या पुलावर आल्यावर साडू म्हणाले, "मास्तर, मोराचं तोंड कोणीकडं असंल हो?" मी म्हटलं, कोणीकडं का असेना. त्यांना ते उत्तर पसंत पडलं नाही. मला वाटलं, चार दिवसांत विसरतील. पण पुढे प्रत्येक भेटीत, जेवता जेवता, एखाद्या लग्नात अक्षता हातात असताना, ते माझ्याकडे वळून तेच विचारत. तोंड पिसाऱ्याकडे वळवलेलं असेल का सरळ? चोचीत काही असेल का? म्हातारी दोन वर्षांनी गेली. त्यानंतर तर टांगेवाला स्वतः म्हणाला होता, साहेब, या, बघून घ्या. साडू गेले नाहीत. तिकडून जायचं झालं तरी दुसऱ्या गल्लीने जात.

निजामी संपायच्या जरा आधीच साडू गेले. शेवटच्या दुखण्यात मी परतूरहून भेटायला गेलो तेव्हा खाटेवर ते अगदी लहान दिसत होते. मेव्हणीने त्यांची नखं कापली होती, अंगठ्याचंसुद्धा. मला पाहून त्यांनी खुणेने जवळ बोलावलं. आवाज उरला नव्हता.

"मास्तर, डावीकडं असंल का उजवीकडं?"

मला काहीच ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ठाम उत्तर दिलं.

"डावीकडं," मी म्हटलं. "आणि मान वळवलेली आहे. मागे, पिसाऱ्याकडे बघतोय."

साडू बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी काय बोललो ते खरवडून पाहायचं की नाही, हे ठरवत असावेत.

"मलाबी तसंच वाटून राह्यलं," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.